साधे कपडे घातलेली एक बाई

आमच्या धाकट्या दिरांचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर असेल ते असो, स्टुडिओत त्यांना सगळे साधेकपडे म्हणतात. ते नाव मीच ठेवलंय, आणि मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही.

मी त्या स्टुडिओत कपडेपट सांभाळते. पडद्यावर जी माणसं दिसतात त्यांच्या अंगावरचं सगळं आणायचं, मापाला बसवायचं, गरीब असेल तर मळवायचं, श्रीमंत असेल तर इस्त्री करायची, आणि शूटिंग संपलं की धुऊन घडी घालून ठेवायचं, हे माझं काम. माझी सगळी भिस्त लेखकावर. लेखकानं पटकथेत दोन शब्द लिहावेत की बाई गं, हा माणूस असा असा दिसतो. मग पुढची धावाधाव माझी. आणि आमचे भाऊजी काय लिहिणार? 'वकील येतो. साधे कपडे.' 'वकिलाची बायको येते. साधे कपडे.' एकदा त्यांच्या एका प्रसंगात चक्क राजा होता, कुणाच्या तरी स्वप्नात आलेला. मी हरखले. म्हटलं, आता तरी मखमल काढायला मिळेल. पुढं वाचते तर 'राजा स्वतःच्या घरी आहे, त्यामुळे साधे कपडे.' माझं डोकंच फिरलं. ते पान हातात घेऊन मी तरातरा लेखकांच्या खोलीत गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कुठे आहेत ते साधेकपडे?" तेव्हापासून चिकटलं ते चिकटलं.

माणूस गुणी आहे हो, तसं नाही. पण कपडे या विषयात देवानं त्यांना डोळेच दिले नाहीत. एका थंडीत माझ्या कपडेपटातल्या खुंटीवरचा पोस्टमनचा कोट आपला समजून घालून गेले. पितळी बटणं, खिशावर शिक्का, सगळं होतं त्यावर. वाटेत एका आजोबांनी हात धरून विचारलं, "आमचं पार्सल कधी येणार?" तर हे म्हणाले, "येईल हो, उद्यापर्यंत." संध्याकाळी मला विचारतात कसे, "वहिनी, हल्ली लोक ओळख नसताना किती मनमोकळं बोलतात नाही?" मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांचे कान मात्र असे, की बसच्या रांगेत पाच मिनिटं उभे राहिले तर मागच्या बाईचा स्वभाव, तिच्या सासूचा स्वभाव आणि दोघींचं काय बिनसलंय ते घरी येऊन जसंच्या तसं बोलून दाखवतील. त्या कानांवरच त्यांचं पोट चालतं. मालिकांचे संवाद लिहितात. नाव शेवटी येतं, पण इतक्या झरझर वर सरकतं की आमच्या ह्यांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावानं, आजवर ते एकदाही पुरतं वाचलेलं नाही.

मूल ना बाळ, लग्नाचं मनावर घेतलं नाही. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एक खोली घेऊन राहतात. का, तर लिहायला शांतता लागते. आमच्याकडे काय रोज बँड वाजतो? पण असो. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून आईला भेटायला येतात. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याजवळ असतात. भाऊजी आले की ओळखायला खिडकीत जावं लागत नाही. बेलवर बोट ठेवलं की दार उघडेपर्यंत ते बोट निघत नाही. आणि आमच्याकडे दार उघडायला वेळ लागतो, कारण उघडायचा मान आईंचा. दुसऱ्या कुणी उघडलं तर त्यांना राग येतो. दाराबाहेर ताटकळून भाऊजींनी मनाशी ठरवून टाकलं की आईचे गुडघे गेले. पुढच्या खेपेला गुडघ्याचे पट्टे घेऊन आले, त्याच्या पुढच्या खेपेला तेल. आईंनी निमूट ठेवून घेतलं. पट्ट्यांनी आता आमच्या खिडकीचे पडदे बांधलेले असतात. अर्थात भाऊजींच्या ते लक्षात आलेलं नाही.

तर अशा माणसानं स्वतःची अशी एक गोष्ट लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा. आईंचीच गोष्ट. आमचे सासरे लवकर गेले. त्यानंतर आईंनी बस आगारातल्या तिकीटखिडकीवर बसून दोन मुलं वाढवली. काचेला एवढंसं भोक, त्यातून पैसे आत, तिकीट बाहेर. त्या खिडकीतून दिसलेलं जग आणि निवृत्तीनंतरचं त्यांचं घर, असं सगळं भाऊजींनी लिहिलं होतं. लिहायला त्यांना किती वर्षं लागली ते विचारू नका. आणि ती गोष्ट आमच्याकडच्या एका दिग्दर्शक बाईंना आवडली. बाई वयानं लहान, पण भारी कडक. त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या, एक भाऊजींची आणि एक दुसऱ्या कुणाची. त्यातल्या एकीवरच त्या सिनेमा करणार होत्या.

बाईंनी भाऊजींना बोलावलं. मी तिथंच परकरांची मापं घेत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. बाई म्हणाल्या, "तुमची आई मला ऐकू येते. अगदी कानाशी बसून बोलते. पण दिसत नाही. पहिल्या पानावर काय लिहिलंय बघा. 'साधे कपडे घातलेली एक बाई.' अशा तर लाखभर बायका आहेत. त्यांतली ही कुठली?"

भाऊजी म्हणाले, "मी तिच्या साड्यांबिड्यांचं, म्हणजे कपड्यांचं सगळं लिहून आणतो."

"सगळं नको. मला ती बाई दिसेल असं काहीतरी आणा. आठवडा आहे. नाहीतर मला नाइलाजानं दुसरी गोष्ट घ्यावी लागेल."

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. एरवी मी तोंडसुख घेतलं असतं. पण ही गोष्ट हातची गेली तर हा माणूस पुन्हा दुसऱ्यांचेच संवाद लिहीत बसणार आणि स्वतःचं म्हणून काही लिहिणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी जेवायच्या सुट्टीत त्यांना कपडेपटात बसवलं आणि म्हटलं, "भाऊजी, परवाच घरी येऊन गेलात. आईंच्या अंगात काय होतं?"

त्यांनी डोळे मिटले. खूप विचार केला. "कपडे होते."

"नशीब माझं! रंग?"

"रंग... साधाच."

मी हात टेकले. म्हटलं, जाऊ दे, हे काम माझ्याच पदरात पडणार. मग मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. राखाडी लोकरीचा गळाबंद स्वेटर, डोक्यातून घालायचा. कोपराला रफू, रफूची लोकर एक छटा गडद. खाली घोट्यापर्यंत सुती झगा, बारीक निळी फुलं, धुऊन धुऊन फुलांच्या नुसत्या कडा उरलेल्या. पायात कापडी बूट, डावा अंगठ्यापाशी फुगलेला. मला असा चेव चढला की मी शिवणीचे टाकेसुद्धा सोडले नाहीत. तीन पानं भरली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझी लाज राखलीत." मी पण फुगून बसले.

बाईंनी ती पानं वाचली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुम्ही सांगितलंत ना?"

मी म्हटलं, "का हो?"

"हे वाचून मला दुकानातून सगळं विकत आणता येईल. पण ते घालून कोण बसणार आहे, ते अजून कळत नाही."

घ्या! इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि एका वाक्यात माझी बोलती बंद. राग आला, खोटं कशाला बोलू? दिवसभर मी कुणाशी नीट बोलले नाही. भाऊजींनी मात्र शांतपणे विचारलं, "आई आत्ता घरी असेल ना? मी जाऊन तिच्याकडे बघतच बसतो." ते इतक्या गरीब आवाजात म्हणाले की माझा राग विरघळला. म्हटलं, "जा. पण दुपारी आई जरा पडलेल्या असतात, बेल वाजवून घर डोक्यावर घेऊ नका. ही माझी चावी. हळूच आत शिरा."

पुढचं मी पाहिलेलं नाही. दोघांनी आपापल्या परीनं सांगितलं, तेव्हा दोन्ही शिवून सांगते.

आई पडलेल्या नव्हत्या. खिडकीशी खुर्ची टाकून लसूण सोलत बसल्या होत्या. भाऊजींनी दार उघडलं आणि तिथंच थबकले. आईंचा स्वेटर उलटा होता. शिवणी बाहेर, लोकरीची टोकं लोंबताहेत, मानेमागचं लेबल बाहेर. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला कुणाच्या अंगावरचं काही दिसलं. त्यांना वाटलं, आईचं वय झालं, आता उलटसुलट कळेनासं झालं. डोळे भरून आले म्हणे.

तेवढ्यात आईंनी वर पाहिलं. "अगं बाई!" करून लसूण बाजूला टाकला आणि स्वेटर धरून डोक्यावरून ओढायला लागल्या. घाईत तो अडकला कानांत. डोकं स्वेटरात, हात वर, आणि आतून आवाज, "थांब, थांब, तिथंच थांब! बेल वाजवता येत नाही का रे तुला?"

भाऊजी धावले. एका बाजूनं आई ओढताहेत, दुसऱ्या बाजूनं हे. शेवटी आई बाहेर आल्या, केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर. त्यांनी स्वेटर सुलटा केला, नीट घातला, खाली ओढून सारखा केला आणि मग जणू आत्ताच दार उघडलंय अशा म्हणाल्या, "ये. दमला असशील."

"आई, स्वेटर उलटा होता."

"घरात उलटाच असतो. वरची बाजू मळत नाही, विटत नाही. तिकीटखिडकीवर बसायचे तेव्हापासूनची सवय. आतल्या खोलीत उलटा, काचेपाशी बसले की सुलटा. माणसांना दिसतं ते नीट असावं."

आता हे आमच्या घरात मला काय, ह्यांना काय, सगळ्यांना ठाऊक. बेल वाजली की आई स्वेटर काढून सुलटा करून घालतात आणि मगच दाराशी जातात. मी रोज बघते. रोज बघते म्हणूनच तीन पानांत मला ते आठवलं नाही. आपल्या घराची भिंत कशी आहे म्हणून कुणी सांगत बसतं का?

पण भाऊजींना ते ठाऊक नव्हतं. आणि का ठाऊक नव्हतं, ते तिथं उभ्या उभ्या त्यांच्या लक्षात आलं. ते नेहमी बेल वाजवून आलेले होते. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. दाराबाहेर ते ताटकळायचे तो वेळ स्वेटर सुलटा करण्याचा होता.

त्यांनी विचारलं, "दादासमोर उलटा असतो?"

"तो घरातलाच आहे."

"वहिनींसमोर?"

"तीही."

"मग मी कोण गं?"

आई खाली वाकल्या. लसणाच्या पाकळ्या गोळा करायला लागल्या. भाऊजी चहा न घेता गेले.

संध्याकाळी मी घरी आले तर आईंचं तोंड उतरलेलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, तो लांबून येतो, दोन बस बदलून. मला असल्या अवतारात बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, आईची आबाळ होतेय. जिवाला लावून घेतो तो. आणि वर ते तुझ्यावर आलं असतं." माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून या बाई इतकी वर्षं प्रत्येक सुट्टीला कान ओढून घेत होत्या! मला इतकं भरून आलं की मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, "काहीतरीच तुमचं! माझं काय बिघडतंय? थंडीत ही काढघाल करून सर्दी झाली म्हणजे?" त्यावर त्या म्हणाल्या, "ओरडू नकोस, लसूण सोलून ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी नवं पहिलं पान बाईंना दिलं. तीन पानांचं आता एवढंच झालं होतं: 'घरात एकटी म्हातारी. स्वेटर उलटा, शिवणी बाहेर. बेल वाजते. ती स्वेटर काढते, सुलटा करून घालते, मग दार उघडते. दारात मुलगा.' रंग नाही, रफू नाही, फुलं नाहीत. माझी सगळी कारागिरी पाण्यात.

बाईंनी एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "ही दिसली." आणि जरा थांबून, "मुलासाठीसुद्धा सुलटा करते?"

"हो."

"मग शेवट तुमच्या हातात आहे. आणा लिहून." म्हणजे गोष्ट घेतली! मी कपडेपटातल्या मुलींना चहा पाजला. भाऊजींना मात्र त्याचा आनंद झालेला दिसेना. शेवट त्यांनी त्याच दिवशी लिहिला होता आणि खिशात घडी करून ठेवला होता. मला दाखवला. 'बेल वाजते. म्हातारी उठते आणि आहे तशीच दार उघडते.'

मी म्हटलं, "छान आहे की. देऊन टाका."

"खोटं आहे ना, वहिनी. असं कुठे झालंय?"

"अहो, सिनेमा आहे! तुमच्या मालिकेत स्वप्नात राजे येतात ते काय खरे असतात?"

"हे खोटं लिहिणार नाही मी," म्हणाले. अशा वेळी या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. मी त्यांना माझी चावीच देऊ केली, म्हटलं ठेवा कायमची. तर नको म्हणाले. बेलच वाजवणार.

आणि पुढच्या सुट्टीला आले ते बेल वाजवतच. दाराशी नेहमीसारखा वेळ लागला. आईंनी सुलट्या स्वेटरात दार उघडलं. भाऊजी तडक आत गेले, बाथरूममध्ये शिरले आणि बाहेर आले ते स्वतःचा शर्ट उलटा घालून. कॉलरची आतली बाजू वर, खिशाची पिशवी बाहेर लोंबतेय. खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचायला लागले. आमच्या ह्यांना चहाचा ठसका लागला. आई म्हणाल्या, "अरे, शर्ट उलटा."

"घरातच आहे ना," भाऊजी म्हणाले. "वरची बाजू मळत नाही."

आईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण जेवताना त्यांची नजर दर घासाला त्या लोंबणाऱ्या खिशाकडे जात होती. जाताना शर्ट सुलटा करून भाऊजी दोन बसच्या वाटेला लागले. पुढच्या वेळी तोच प्रकार. त्याच्या पुढच्या वेळीही. इकडे बाई शेवट मागून मागून कंटाळल्या. शूटिंगची तारीख ठरायची खोळंबली. मला म्हणाल्या, "तुमच्या साधेकपड्यांना सांगा, आता दुसऱ्या कुणाकडून तरी शेवट लिहून घेईन." मी घरी येऊन आईंसमोर मुद्दाम मोठ्यानं ह्यांना सांगितलं, "तुमच्या भावाचा शेवट अडलाय हो! आता दुसराच कुणीतरी लिहिणार म्हणे." कुठं अडलाय ते मात्र सांगितलं नाही. ते भाऊजींनी बजावलं होतं, आणि मी भांडखोर असले तरी चहाडखोर नाही. आईंनी विचारलं, "जेवतो तरी का नीट?" बस, एवढंच.

त्या सुट्टीला थंडी कडाक्याची होती. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते, आई खिडकीशी. बेल वाजली आणि वाजतच राहिली. आई उठल्या. सवयीनं दोन्ही हात स्वेटरच्या कडेला गेले, कड वर उचललीसुद्धा. मी तिथूनच बघत होते. आणि त्या थांबल्या.

"कोण आहे गं?" त्यांनी मला विचारलं.

असं बोट दाबून बेल वाजवणारा सगळ्या गावात एकच माणूस, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी मी म्हटलं, "कोण असणार? साधेकपडे!"

"आपलाच आहे होय," त्या म्हणाल्या. कड सोडली, हातानं खाली ओढून सारखी केली, शिवणी बाहेर होत्या तशाच, आणि चालत जाऊन दार उघडलं.

दार इतक्या लवकर उघडेल असं भाऊजींना वाटलंच नव्हतं. बोट बेलवरच. बेल वाजतेच आहे आणि हे आईच्या स्वेटरकडे बघताहेत. वरपासून खालपर्यंत, एकेक शिवण. या माणसानं कुणाचे कपडे इतके निरखून बघितलेले मी तरी पाहिले नाहीत.

"बोट काढ ते," आई म्हणाल्या. "आणि आत ये, दारातून थंडी येतेय."